डावी बाजू

आमच्या ऑफिसात दरवर्षी जुलै महिन्यात, वर्धापनदिनाच्या निमित्ताने, प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं अशी पद्धत आहे. बंगळुरातलं हे ऑफिस भाषांतराचं. औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना, बँकांचे अर्ज, मोबाईलवर येणारे संदेश असं काय काय आम्ही दहा-अकरा भारतीय भाषांत नेतो. जेवणाच्या आठवडाभर आधी एक तक्ता फिरतो. त्यात नावासमोर तीन रकाने असतात : मुख्य पदार्थ, साइड डिश, गोड. सलग सहा वर्षं मी मधल्या रकान्यात एकच गोष्ट लिहीत आले : काकडीची कोशिंबीर. यंदा तेच लिहायला गेले आणि हात थांबला.

पॉटलक या शब्दासाठी मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही, अंगतपंगत आहेच. शाळेत आपापले डबे उघडून गोल करून बसायचं आणि एकमेकांच्या डब्यात हात घालायचा, ती अंगतपंगत. साइड डिशला मात्र दोन शब्द सुचतात. एक तोंडीलावणं. दुसरा शब्द पदार्थाचा नाही, जागेचा आहे : डावी बाजू. आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, आणि उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचं वाढायचं ते चिमूटभर, चमचाभर. त्याने पोट भरत नाही, आणि ते नसलं म्हणून कुणी उपाशीही उठत नाही.

पण घर कुणाचं आहे ते डाव्या बाजूवरून कळतं. वरण-भात, पुलाव, छोले हे आता सगळ्यांचेच झाले आहेत. एखाद्याच्या घरचा पुलाव खाऊन त्याचं गाव सांगता येणार नाही. चटणी खाऊन सांगता येतं. कारळ्याची की जवसाची, शेंगदाण्याची की सुक्या खोबऱ्याची, लसूण किती, आमसूल की चिंच, यावरून जिल्हा कळतो, आणि पुष्कळदा जातही कळते. म्हणून पॉटलकच्या तक्त्यातला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा रकाना खरं तर सगळ्यात जोखमीचा. त्या रकान्यात सहा वर्षं काकडी लिहिणं म्हणजे आपलं घर झाकून ठेवणं, हे मला उशिरा कळलं.

मी कोशिंबीर का निवडली, याचं उत्तर वरवर पाहता सोपं आहे. ती सगळ्यांना चालते. दाण्याचं कूट कुणाला सोसत नसेल म्हणून तेही मी दुसऱ्या वर्षापासून घालायचं सोडलं. या ‘चालते’ शब्दापाशी थोडं थांबू या, कारण माझा सगळा प्रश्न त्यातच आहे.

एखादा पदार्थ नाकारताना मराठी माणूस तीन वेगवेगळी क्रियापदं वापरतो. कारलं आवडत नाही. दूध सोसत नाही. मासे चालत नाहीत. पहिला नकार जिभेचा, दुसरा शरीराचा, तिसरा नियमाचा. तिघांशी आपण निरनिराळं वागतो. आवडत नाही म्हणणाऱ्याला आपण आग्रह करतो. सोसत नाही म्हणणाऱ्याची काळजी घेतो. चालत नाही म्हटलं की मात्र आग्रह आणि चौकशी दोन्ही थांबतात. का चालत नाही, कुणी ठरवलं, हे विचारणं असभ्य मानलं जातं. आणि व्याकरण पाहा. ‘मी मासे खात नाही’ या वाक्यात कर्ता मी. ‘मला मासे चालत नाहीत’ या वाक्यात न चालणारे मासे आहेत आणि मी नुसती बाजूला उभी आहे. नकार देणारा वाक्यातून अलगद निसटतो.

हे काही मराठीचंच वैशिष्ट्य नाही. आमच्या कन्नड सहकाऱ्यांचं ‘नडेयुत्ते’ याच वाटेने जातं. बंगाली माणूस ‘चा चोलबे?’ असं विचारतो, तेव्हा त्याचा चहासुद्धा चालतच असतो. मुंबईच्या हिंदीत तर सगळंच चलता है. आपल्या इतक्या भाषांत अन्नाला पाय आहेत. प्रश्न इतकाच की ते चालत कुठपर्यंत जाऊ शकतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मराठवाड्यातून एक मुलगा आला. मराठीचा तपासनीस म्हणून, म्हणजे मी केलेली भाषांतरं तो वाचायचा. कान फार तयार. माझं वाक्य कुठे इंग्रजीच्या वळणावर गेलं की नेमकं तिथे बोट ठेवायचा. त्याच्या डब्यात आठवड्यातून एक-दोनदा भाकरी आणि सुकट असे. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आठवडी बाजारात मापाने मिळणारी. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडे हीच गोष्ट जवळा म्हणून येते, आणि आषाढात समुद्र बंद असतो तेव्हा घर तिच्यावरच चालतं. माझ्या गावच्या वाळूवर सुकलेली वस्तू घाट चढून त्याच्या गावच्या बाजारात जात असणार. त्याच्या डब्याचा वास आला की मला आईचं स्वयंपाकघर आठवायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग एक दिवस व्यवस्थापनाकडून सूचना आली, जेवणाच्या खोलीत लावण्यासाठी. तीव्र वासाचे पदार्थ आणू नयेत, अशा अर्थाचं एकच इंग्रजी वाक्य, सगळ्या भाषांत करायचं. मराठी माझ्याकडे आलं. मी ‘तीव्र’ लिहिलं, खोडलं. ‘वास येणारे’ लिहिलं, तेही खोडलं, कारण त्याने पदार्थ नासके वाटतात. शेवटी लिहिलं : ‘कृपया उग्र वासाचे खाद्यपदार्थ आणू नयेत.’ उग्र हा शब्द सापडल्यावर मला आनंद झाला, तो आनंद आठवून आता लाज वाटते. वाक्य तपासायला त्याच्याकडेच गेलं. संध्याकाळी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “ताई, उग्र चांगला बसलाय.” मी म्हटलं, “थँक्स.”

ही सूचना कुणाच्या डब्यासाठी आहे हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. त्यानंतर सुकट असली की तो डबा घेऊन खाली पार्किंगच्या कट्ट्यावर जायचा. त्याची जात मी कधी विचारली नव्हती. आपल्याकडे विचारावी लागत नाही, आडनावं बोलतात. त्याचं आडनाव काय सांगतं आणि माझं काय सांगतं, यातला फरकही आम्हा दोघांना माहीत होता. माझ्या घरच्या जवळ्याला लोक कोकणी चव म्हणतात. त्याच्या सुकटीला असं लाडाचं नाव नाही. आठ महिन्यांनी तो पुण्याला चांगल्या पगारावर गेला. डब्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही, आणि डब्याचा काही संबंध नव्हता असंही म्हणणार नाही.

अनेक दिवस मी स्वतःला सांगत होते की भाषांतरकार मजकुराला जबाबदार नसतो. मूळ वाक्य माझं नव्हतं. पण उग्र हा शब्द माझा होता. फोडणीतल्या हिंगाला आपण घमघमाट म्हणतो आणि पिकल्या फणसाला दरवळ. ‘उग्र’ म्हणताना मी वासाची तीव्रता मोजत नव्हते, मी बाजू घेत होते. असं करणारी मी एकटी नाही. 2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, आखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने शिजवावेत, असा सल्ला तिच्यात होता. तीही काळजीच्या, सुरक्षिततेच्या भाषेत लिहिलेली. आखुनी म्हणजे नागा स्वयंपाकातलं आंबवलेलं सोयाबीन. जेवणात ती जराशीच वापरतात, पण चव आणते ती तीच. म्हणजे पुन्हा डावी बाजूच.

एकत्र जेवणं हे आपोआप चांगलं, असं आपण धरून चालतो. आपला इतिहास मात्र इतका भाबडा नाही. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि नंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटं दिली गेली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानडे-टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. एका कपाएवढ्या चहासाठी. मला त्यातली ती नावांची यादी महत्त्वाची वाटते. कुणी काय तोंडाला लावलं याची यादी झाली की जेवण संपतं आणि चौकशी सुरू होते. आमचा तक्ताही यादीच आहे, फक्त तिथे चौकशी आधीच, ज्याची त्याने स्वतःशी करून ठेवलेली असते.

आमच्या मल्याळम सहकाऱ्याने एकदा चहाच्या वेळी सहोदरन अय्यप्पन यांच्या मिश्रभोजनाची हकीकत सांगितली. 1917 साली केरळात चेराई इथे त्यांनी पुलय समाजातल्या लोकांसोबत आपल्या ईळवा जातीच्या माणसांचं जेवण घडवून आणलं. त्या पंगतीत फणसाच्या आठळ्या आणि हरभरे यांची सुकी भाजी होती, असं तिकडे सांगतात. नंतर लोक अय्यप्पनना हिणवून ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणू लागले, तर त्यांनी ते नाव भूषण म्हणून मिरवलं. आठळ्या म्हटल्यावर मी कान टवकारले. यंदा तक्ता आला तेव्हा पहिला विचार तोच आला : आठळ्यांची भाजी करावी. आईने मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या घरात होत्या. शाकाहारी, कोकणातली, केरळातली, वर इतिहासाची फोडणी. सगळ्यांना चालेल अशी.

आणि तिथेच हात थांबला. ही आठळी म्हणजे पुन्हा काकडीच, फक्त जास्त शिकलेली. अय्यप्पननी मोडली ती त्यांच्या स्वतःच्या जातीची मर्यादा, आणि त्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावलं. मी माझं काहीही पणाला न लावता त्यांची भाजी वाढून घेणार होते.

आंबेडकरांनी 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात सहभोजनाबद्दल सडेतोड म्हटलं आहे. अनेक जातींत एकत्र जेवण चालतं, तरी त्याने जातीची भावना मेलेली नाही. मंडळाला ते भाषण पेललं नाही, म्हणून ते झालंच नाही, आणि त्यांनी ते स्वतः छापलं. एका चटणीने जात जाईल असं समजणं त्यामुळे हास्यास्पदच. माझ्या मनात प्रश्न होता तो यापेक्षा लहान : माझ्या हातून झालेल्या वाक्याचं मी काय करणार? शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरच्या आपल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असं नाव दिलं आहे. जेवायला बसताना आपण जे पूर्णब्रह्म म्हणतो, त्याच्या आधी एकच अक्षर जोडलं, आणि ताटात काय वाढलेलंच नव्हतं ते दिसायला लागलं. एका अक्षराने इतकं होत असेल, तर एका शब्दाने काय झालं असेल, हे मला कळायला हवं होतं.

दुसरी बाजूही मला मांडायची आहे, कारण ती रोज माझ्या शेजारी बसते. माझी एक सहकारी जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा काही खात नाही. गेली कित्येक वर्षं ती स्वतःचा डबा आणते, आमच्यात बसते, आमचं खाणं बघते, हसते, आणि आपलं खाते. तिने कधी कुणाला डबा हलवायला सांगितला नाही. तिच्या नकारामागे श्रद्धा आहे आणि त्याची किंमत ती स्वतः मोजते. ‘मला चालत नाही’ हे वाक्य तिच्या तोंडी प्रामाणिक आहे. जेवणाच्या खोलीतली सूचना याच वाक्यासारखी दिसते, पण ती म्हणते, ‘इथे चालत नाही’. फरक विभक्तीचा आहे. मला, तुला, आम्हाला इथवर तो आपापला नेम असतो. ऑफिसात, सोसायटीत, गल्लीत, गावात अशी सप्तमी लागली की त्याच नेमाची हद्द होते. ‘मला’पाशी मान तुकवायला मी कधीही तयार आहे. ‘इथे’ला मात्र विचारलं पाहिजे की हे ‘इथे’ कुणाचं. ‘सगळ्यांना चालेल असं’ म्हणताना मी सहा वर्षं ज्या सगळ्यांना मोजत होते, त्यांत पार्किंगच्या कट्ट्यावर बसणारा नव्हता.

म्हणून तक्त्यात लिहिलं : सुक्या जवळ्याची चटणी.

आदल्या रात्री जवळा चाळून, निवडून, तव्यावर कोरडा भाजला. कांदा, लसूण, सुकी मिरची, खोबरं, दोन आमसुलं. खिडक्या उघड्या ठेवल्या, कारण माझेही शेजारी आहेत. मग एक चिठ्ठी लिहिली : यात कोळंबी आहे, ज्यांना सोसत नाही त्यांनी जपावं. कोळंबीने काहींचा घसा सुजतो, त्यात तत्त्वाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. घट्ट झाकणाचा डबा, वेगळा चमचा, आणि जागा टेबलाच्या अगदी डाव्या टोकाला, माझ्या जैन मैत्रिणीच्या डब्यापासून लांब. तिला आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, “तू तुझं खा ना, मी कुठे तुझ्या ताटात जेवतेय!”

झाकण उघडलं तेव्हा एकाने खिडकी उघडली आणि दोघं ताटं घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. तो त्यांचा हक्क. पण बंगाली सहकारी वाकून म्हणाला, “शुटकी!” मल्याळमवाल्याने त्याच्या आईच्या उणक्क चेम्मीन चम्मंदीची कृती सांगायला सुरुवात केली. तमिळवाली म्हणाली, आमच्याकडे करुवाडु. आणि ओडियाची सगळ्यात गप्प मुलगी, जी दरवर्षी टोमॅटोची गोड चटणी आणते, ती हळूच म्हणाली, शुखुआ. इतक्या भाषांत एकच वस्तू होती, आणि इतकी वर्षं आम्ही एकमेकांना काकड्या आणि टोमॅटो वाढत होतो. ते ऐकताना बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की हे तीन वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं, कट्ट्यावर बसणारा या खोलीत होता तेव्हा. माझ्या धाडसाचा त्याला काही उपयोग झाला नाही. मला ते स्वस्तात पडलं.

सोमवारी जुनी सूचना पुन्हा सगळ्यांना मेलवर आली, सगळ्या भाषांत. मराठीत माझा शब्द जसाच्या तसा. अशा मजकुराखाली भाषांतरकाराचं नाव नसतं. मी उत्तर पाठवलं की मराठी भाषांतर माझं आहे, त्यात दोष राहिला आहे, आणि सुधारित वाक्य सोबत देत आहे : ‘आपल्यापैकी काहींना ज्यांचा वास चालत नाही, असे पदार्थ कोणीच इथे आणू नयेत.’ मूळ वाक्याला हेच जास्त धरून आहे, असंही लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही.

मग त्या मुलाला पुण्याला मेसेज केला. चटणीचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं की ‘उग्र’ हा शब्द चुकला होता, तेव्हाच सांगायला हवं होतं. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. रात्री उत्तर आलं.

“ताई, आमसूल घातलंय का? आमच्यात नाही घालत. आणि लसूण कमी दिसतोय.”